कुणाचीच आजी नसलेल्या बाई: एका व्हिएतनामी शिकाऊ नर्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या मुलीला मी माय म्हणणार आहे. तिचं खरं नाव हे नाही. पण दक्षिण व्हिएतनाममध्ये मुलींचं हे घरोघरचं नाव आहे, टेटला म्हणजे त्यांच्या चांद्र नववर्षाला फुलणाऱ्या पिवळ्या फुलाचं, आणि उच्चार थेट आपल्या ‘माय’सारखा. बावीस वर्षांच्या पोरीला माय म्हटलेलं मराठी कानाला चमत्कारिक लागेल. लागू दे. हे सगळं प्रकरणच कोणी कोणाला काय हाक मारायची याचं आहे.

मी मूळची मिरजेची, तिथेच नर्सिंग केलं. गेली बारा वर्षं जर्मनीत बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातल्या एका लहान गावात वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करते. आपल्याकडचा वृद्धाश्रम डोळ्यांसमोर आणू नका. इथे येणारे बहुतेक जण अंथरुणाला तरी खिळलेले असतात नाहीतर स्मृतिभ्रंशाचे असतात, आणि त्यांना आंघोळीपासून औषधापर्यंत सगळ्याला माणूस लागतं. शिकाऊ नर्सना प्रत्यक्ष कामात हाताशी धरून शिकवणारी मार्गदर्शक ही माझी तिथली जबाबदारी. २०२० पासून जर्मनीत नर्सिंगचं एकत्रित प्रशिक्षण सुरू झालं: तीन वर्षं, २१०० तास वर्गात, २५०० तास कामावर. कामाच्या तासांपैकी किमान १० टक्के वेळ मार्गदर्शकाने स्वतः शिकाऊबरोबर काढायचा, असा नियम आहे. हा १० टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे माझी चूक तिथेच आहे.

माय मेकाँगच्या खोऱ्यातल्या सा देक गावची. तिचे आईवडील फुलं लावतात. तिथे पाण्यावर उभारलेल्या मांडवांवर कुंड्या असतात आणि माणसं होडीत बसून झाडांना पाणी घालतात. वर्षाची कमाई टेटच्या आधीच्या काही दिवसांत होते. चार भावंडांत ती सर्वांत धाकटी, म्हणून घरी तिला ‘ऊत’ म्हणतात, म्हणजे शेंडेफळ. गावातही ती ऊतच. शाळेबाहेर कुणी तिला पूर्ण नावाने हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. जर्मन भाषेची बी-२, म्हणजे सहापैकी चौथ्या पातळीची परीक्षा देऊन, एजंटला भरायला घरच्यांनी कर्ज काढून ती १ ऑक्टोबर २०२३ ला आमच्याकडे रुजू झाली. सहा महिने चाचणीचा काळ, म्हणजे ३१ मार्चपर्यंत.

काय घडलं

दुसऱ्याच दिवशी तिने आमच्या मजल्याच्या प्रमुखबाईंना विचारलं, “तुमचं वय काय?”

प्रमुखबाई पन्नाशीच्या, कामाला वाघ, स्वभावाने फटकळ. त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या मजल्यावर झालं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला आपण गाव, आडनाव, मुलं किती हे विचारतोच की. मी हसून सोडून दिलं.

मग हळूहळू तक्रारी जमू लागल्या. ती प्रमुखबाईंशी बोलतच नाही, बोलली तर अर्धवट वाक्यं बोलते. ‘कॉफी हवी?’ एवढंच. कोणाला हवी, कोण विचारतंय, काही नाही. आमच्याकडे सहकारी एकमेकांना ‘डू’ म्हणजे अरे-तुरे करतात, वरिष्ठांनाही. हिच्या तोंडून ‘डू’ निघत नव्हतं, आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही म्हटलं की बाकीचे ‘एवढी परकी का वागतेस’ म्हणायचे. म्हणून तिने सर्वनामच टाकून दिलं होतं.

रहिवाशांशी मात्र ती भरभरून बोलायची. प्रत्येक बाईला ‘ओमा’, प्रत्येक पुरुषाला ‘ओपा’. आजी, आजोबा. (लिहितानाही मला ‘रहिवासी’ हा सरकारी शब्द खोडून आजी-आजोबाच लिहावंसं वाटतंय.) स्मृतिभ्रंशाच्या दोघी-तिघी खूश होत्या. श्रीमती के. नव्हत्या.

श्रीमती के. तेव्हा ८७ वर्षांच्या. आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे गेलेलं, लग्न केलं नाही. डोकं लख्ख, पायांनी दगा दिलेला. डिसेंबरच्या एका सकाळी माय त्यांचे मोजे चढवत होती आणि नेहमीप्रमाणे “ओमा, दुसरा पाय” म्हणाली. बाईंनी पाय मागे घेतला. “मी कुणाचीही ओमा नाही,” त्या म्हणाल्या. “मला नाव आहे. चाळीस वर्षं लोक ते नाव घेऊन माझ्या खिडकीशी यायचे.” आठवड्याभरात त्यांच्या भाच्याचं पत्र आलं: माझ्या मावशीला कुक्कुलं बाळ समजून वागवलं जातंय.

इथे जर्मन बाजू सांगायला हवी. शुश्रूषेच्या शिक्षणात परक्या वृद्धाला ओमा म्हणणं हा अनादर मानतात. माणूस म्हातारा झाला की त्याचं नाव, पद, आयुष्य सगळं पुसून त्याला नुसतं ‘म्हातारं’ करून टाकायचं, असा त्याचा अर्थ लावतात. तो अर्थ अगदीच खोटा नाही.

हे एवढ्यावर निभावलं असतं. जानेवारीत दुसरी गोष्ट घडली, आणि ती गंभीर होती. श्री. ब. यांना पक्षाघातानंतर पातळ पदार्थ नीट गिळता येत नव्हते. त्यांचं पाणी, कॉफी, सूप सगळं पावडर घालून दाटसर करून द्यावं लागायचं, नाहीतर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती. प्रमुखबाईंनी जाता जाता, तेही इथल्या श्वेबिश बोलीत, मायला सांगितलं की यांची कॉफी ‘आइनडिकन’ करून दे. ती म्हणाली, “या, या,” जर्मनमध्ये हो, हो. आणि साखर-दूध न घालता काळी, पातळ कॉफी नेऊन दिली. तिला ‘डिक’ म्हणजे लठ्ठ एवढं ठाऊक होतं. तिचा समज असा झाला की आजोबांचं वजन वाढू द्यायचं नाही. श्री. ब. जोरात ठसकले, ओठ निळसर झाले. मी पलीकडच्याच खोलीत होते. घशातलं यंत्राने ओढून काढावं (सक्शन) लागलं नाही, थोडक्यात निभावलं. पण नोंद झाली.

पहिला उपाय आणि तो कसा फसला

मी मायला एका कागदावर तक्ता करून दिला. डावीकडे माणूस, उजवीकडे संबोधन. रहिवासी: फ्राउ (श्रीमती) किंवा हेर (श्रीयुत), पुढे आडनाव, आणि झी. सहकारी: पहिलं नाव आणि डू. पाठ कर म्हटलं. तिने एका रात्रीत पाठ केलं.

दुसऱ्या दिवसापासून ती कुणाशी बोलेचना. मोजे चढवायची, केस विंचरायची, “फ्राउ के., झालं” म्हणायची आणि निघून जायची. पूर्वी ज्या दोघी तिची वाट बघायच्या, त्या विचारू लागल्या की ती हसरी मुलगी कुठे गेली. प्रमुखबाईंनी मत नोंदवलं: सूचना पाळते, पण आपुलकी नाही.

तक्ता देताना मी मनातून निर्धास्त होते. मला वाटलं, हे तर आपल्याला ठाऊकच आहे; आपणही रिक्षावाल्याला काका आणि भाजीवालीला मावशी म्हणतो; मीही पहिल्या वर्षी इथे एकीला ओमा म्हणून बोलणी खाल्ली होती आणि दोन दिवसांत सवय बदलली होती. हिलाही जमेल. ओळखीचं वाटलं म्हणून मी खोलात गेलेच नाही. पूर्ण अनोळखी काही असतं तर कदाचित आधी विचारलं असतं.

मग आम्ही आणखी एक चूक केली. मजल्यावर तिसऱ्या वर्षाची दुसरी व्हिएतनामी शिकाऊ होती. तिलाच मध्ये घातलं: तुझ्या भाषेत हिला विचार, अडचण काय आहे. तिने विचारलं आणि सांगितलं की काही अडचण नाही. ती तीन वर्षांनी मोठी, म्हणजे मायसाठी ‘ची’, थोरली बहीण. थोरल्या बहिणीने “तुला समजतंय ना?” विचारल्यावर धाकटीने नाही म्हणायचं कसं?

उलगडा

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमची दोघींची रात्रपाळी एकत्र आली. दोन वाजता फेरी संपवून चहाच्या खोलीत बसलो होतो. सहज विचारलं, “तुमच्याकडे ‘मी’ला काय म्हणतात?”

तिने उलट विचारलं, “कुणाशी बोलताना?”

आणि ती बोटं मोजू लागली. आजीशी, आईशी बोलताना मी म्हणजे ‘कॉन’, लेकरू. थोरल्या बहिणीशी ‘एम’, धाकटी. धाकट्यांशी बोलताना मीच ‘ची’. भाचरांशी ‘को’ नाहीतर ‘यी’, आत्या-मावशी. एक ‘तोय’ म्हणून कोरडा ‘मी’ आहे, पण तो कचेरीत, अर्जात किंवा भांडणात. आजीशी बोलताना तोय म्हटलं तर थोबाडीत बसेल. समोरच्याचं वय कळल्याशिवाय तिला ‘तू’ काय म्हणायचं हे कळत नव्हतंच, शिवाय स्वतःला काय म्हणायचं हेही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशीच तिने वय का विचारलं होतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

मराठीत समोरचा काका असो की कलेक्टर, मी म्हणजे मीच. तू-तुम्ही-आपण बदलतं, मी जागचा हलत नाही. म्हणून मला फक्त अर्धं दुखणं दिसलं होतं. तिच्यासाठी जर्मन ‘इश’ म्हणजे तो कचेरीतला मी होता, आणि त्या कोरड्या मी-ने तिला म्हाताऱ्या बाईचे पाय धुवायचे होते. ‘ओमा’ म्हटलं की निदान आपण लेकरू आहोत हे ठरत होतं. तो शब्द मी काढून घेतला आणि बदल्यात काहीच दिलं नाही.

‘या’चंही तसंच. दक्षिणी व्हिएतनामीत मोठ्यांनी काही म्हटलं की आधी ‘या’ म्हणायचं. लिहिताना अक्षरं वेगळी, पण उच्चार जर्मन होकारासारखाच. त्याचा अर्थ ‘ऐकतेय’. कळलं किंवा पटलं असा नव्हे. आपल्याकडे फोनवर बोलताना ‘हं, हं’ म्हणतो, त्याच जातीचं. प्रमुखबाईंना तो कबुलीजबाब वाटत होता.

“घरी सांगितलंस?” मी विचारलं. शनिवारी, १० तारखेला टेट होता. नाही म्हणाली. टेटच्या आधी देणी फेडायची, भांडणं मिटवायची, वाईट बातमी द्यायची नाही अशी रीत. घरी कर्ज होतंच, त्यात ही भर नको.

समोर असलेले पर्याय

पुढच्या सोमवारी व्यवस्थापक, प्रमुखबाई, नर्सिंग शाळेच्या शिक्षिका आणि मी असे बसलो. पहिला पर्याय सगळ्यात सोपा होता: चाचणीचा काळ आहे, करार संपवायचा. नोटीस लागत नाही. प्रमुखबाईंचा कल तिकडे होता, आणि तो दुष्टपणाने नव्हे. पक्षाघाताच्या माणसाला पातळ कॉफी पाजली गेली होती. मायच्या बाजूने बघायचं तर तिचा राहण्याचा परवाना या प्रशिक्षणाला बांधलेला. ते सुटलं तर दुसरी जागा शोधायला फार तर सहा महिने मिळतात, तेही दोष तिचा नसेल तर.

दुसरा, पुन्हा भाषेच्या वर्गाला पाठवणं. शिक्षिकाबाईंनीच तो बाद केला. वर्गात मायचं व्याकरण पहिल्या पाचांत होतं. श्वेबिश कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत.

तिसरा पर्याय मला मोहात पाडणारा होता: तिला स्मृतिभ्रंशाच्या मजल्यावर हलवायचं, तिथे ओमा म्हटलेलं चालतं. सगळ्यांची सुटका झाली असती. पण मग ती कायमची ‘ती गोड आशियाई मुलगी’ झाली असती, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी परीक्षकासमोर, रुग्णासमोर, डॉक्टरसमोर उभी राहताना तिची तीच गोची झाली असती. शिवाय ‘चालतं’ म्हणजे काय? तिथल्या माणसांना तक्रार करता येत नाही, एवढंच.

शेवटी ३१ मार्चपर्यंतची मुदत घेऊन काम करायचं ठरलं. प्रमुखबाईंनी अट घातली: तोवर गिळण्याचा त्रास असलेल्या कुणालाही मायने एकटीने भरवायचं नाही. अट योग्य होती. खरं तर ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

काय केलं

मजल्यावर “समजलं का?” हा प्रश्न बंद केला. त्याऐवजी “आता काय करणार ते मला सांग.” सगळ्याच शिकाऊंना लागू, फक्त मायला नाही, नाहीतर ती तिची शिक्षा झाली असती. पहिले दोन आठवडे प्रमुखबाई घड्याळाकडे बोट दाखवायच्या. तिसऱ्या आठवड्यात एका जर्मन मुलाने इन्सुलिनची सूचना उलट सांगताना चुकीचा रुग्ण सांगितला. त्यानंतर घड्याळाचा विषय निघाला नाही.

श्रीमती के. यांच्याकडे मी मायला घेऊन गेले. माफी मागायला नव्हे, ते आधीच झालं होतं. विचारायला गेलो: तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल? त्यांनी ताठ बसून सांगितलं, “फ्राउ के. आणि झी. आणि हिला मी काय म्हणू? सगळे फ्राउ नुयेन म्हणतात. त्या पलीकडच्या मुलीलाही तेच म्हणतात.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. व्हिएतनाममध्ये तीन माणसांत एक तरी नुयेन निघेल, म्हणून तिथे आदरानेही बोलवायचं ते नात्याचा शब्द किंवा उपाधी आणि पुढे स्वतःचं नाव. आडनावाने कोणी हाक मारत नाही. म्हणजे साडेचार महिने आम्ही तिला अशा नावाने बोलवत होतो, जे तिला आपलं वाटतच नव्हतं. तिने छातीवरच्या पट्टीवर बोट ठेवून आपलं नाव सुरासकट म्हणून दाखवलं. श्रीमती के. यांनी चारदा प्रयत्न केला, दरवेळी चुकल्या आणि शेवटी म्हणाल्या, “श्वेस्टर माय. चालेल?”

श्वेस्टर म्हणजे सिस्टर. जर्मनीत नर्सच्या पदनामातून हा शब्द २००४ मध्येच गेला, पण म्हाताऱ्यांच्या तोंडातून गेलेला नाही. आजी व्हायला नकार देणाऱ्या बाईंनी बहीण मात्र देऊ केली होती. मी हे बोलून दाखवलं नाही. माय खोलीबाहेर आल्यावर म्हणाली, “बहीण म्हणजे मग मी एम.” तिच्यापुरता ‘मी’चा प्रश्न त्या खोलीत सुटला. जर्मनमध्ये ती इशच म्हणत होती, पण मनात कोण म्हणून बोलायचं ते आता ठरलं होतं. हीच युक्ती तिने पुढे एकेकाला लावली. मला काय म्हणायचं तेही तिनेच ठरवलं. मी तिला ‘ताई’ हा शब्द शिकवला, तेव्हा तिने माझं वय विचारलं, एक्केचाळीस ऐकून मान हलवली आणि विचारलं, आईच्या धाकट्या बहिणीला तुमच्यात काय म्हणतात? तेव्हापासून मी मावशी.

काळजीच्या आराखड्यात प्रत्येक रहिवाशासाठी ‘हाक कशी मारावी’ अशी एक ओळ आम्ही घातली. ओमा म्हटलेलं खरोखर हवं असणाऱ्या दोघी निघाल्या; ते कुटुंबाला विचारून लिहिलं.

निष्पत्ती

मार्चअखेर करार कायम झाला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटची मधली परीक्षा ती पास झाली. तोंडीपेक्षा लेखीत गुण जास्त. भाच्याने तक्रार मागे घेतली नाही, आम्हीही आग्रह धरला नाही. श्रीमती के. तिच्यावर माया वगैरे करू लागल्या, असं काही घडलं नाही. त्या तिचे डेर-डी-डास, म्हणजे जर्मन नामांआधी लिंगानुसार लागणारे शब्द, सुधारतात, पोस्टात चुकीचा पत्ता सुधारावा तशा. प्रमुखबाई आणि ती अजूनही एकमेकींशी कमीच बोलतात. पण माय आता त्यांना “हे मला कळलं नाही” असं सरळ सांगते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज कापत होता, आणि वाक्याच्या सुरुवातीला तरीही ‘या’ होतंच.

आज काय वेगळं केलं असतं

तक्ता दिला नसता, हे उघडच. त्याहून मोठं म्हणजे ते १० टक्के. नोव्हेंबर-डिसेंबरात निम्मा मजला तापाने आडवा होता आणि माझे मार्गदर्शनाचे तास कागदावर भरले जात होते. मी शेजारी असते तर ‘आइनडिकन’ तेव्हाच कळलं असतं. त्या घटनेच्या नोंदीत मायचं नाव आहे, माझं नाही. ते नंतर मी लेखी जोडायला लावलं, पण दोन आठवडे उशिरा.

थोरल्या मुलीला दुभाषी केलं नसतं. बाहेरचा माणूस बोलावला असता, खर्च झाला असता तरी.

२०२४ च्या फेब्रुवारीतच, आमची ती बैठक झाली त्या महिन्यात, महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आता सांगली-कोल्हापूरकडून मला फोन येतात: बी-२ ला किती दिवस लागतात, पगार किती. त्यांना मी हे प्रकरण सांगते तेव्हा बहुतेक जण म्हणतात, ‘ते व्हिएतनामी, आपलं तसं नाही.’ तेव्हा मला माझा तक्ता आठवतो.

रहिवाशांच्या आराखड्यातली ती ओळ टिकली. तशीच एक ओळ शिकाऊंच्या रुजू-फॉर्मवर हवी, तुम्हाला हाक कशी मारावी, असं मी तीनदा लिहून दिलं आहे. मागच्या बैठकीत तो विषय सातव्या क्रमांकावर होता; सहाव्यापर्यंत आलो तेव्हा जेवणाची घंटा झाली.